जुन्यांच्या डब्यातला पिस्टन

१

काउंटरवर लोखंड आपटल्याचा आवाज झाला आणि मागोमाग करपलेल्या तेलाचा असा भपकारा आला, की आक्काच्या घशाशी सकाळचा चहा आला.

डोळ्याच्या ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी ती आज दुकानात येऊन बसली होती. काळा चष्मा, हातात थेंबांची बाटली. समोर कोण उभं आहे ते दिसायच्या आधी त्याच्या श्वासाची धाप ऐकू आली.

"बघा, काय विकलंय तुम्ही! माझ्या भावाचा पाय दोन जागी मोडलाय. टेकडीच्या उतारावर इंजिन जाम झालं, मागचं चाक आवळलं आणि हा गडी हवेत!"

चिखल्याचा थोरला भाऊ होता. चिखल्या म्हणजे डोंगरात आणि चिखलात जुन्या मोटारसायकली पळवणाऱ्यांतला सगळ्यात वेडा. खरं नाव त्याच्या आईलाही आठवावं लागायचं.

"बोट आधी खाली कर," आक्का म्हणाली. "आणि ही घाण कागदावर ठेव. काउंटर पुसायला तुझी बायको येणार नाहीये."

ती घाण म्हणजे एक पिस्टन होता. कडेचा तुकडा उडालेला, एका अंगानं ओरबाडलेला, माथ्यावर काजळीचं पुट.

"तुमच्या सुनेनं दिलाय हा. चुकीच्या सालाचा! मिस्त्रीनं इंजिन उघडलं आणि बघताक्षणी सांगितलं. तुम्ही नव्हता म्हणून त्या बाईनं मनाला येईल तो डबा उघडून दिला."

सून मागच्या फळीशी उभी होती. तिच्या हातातला फडका हातातच राहिला.

आक्काच्या दुकानात फक्त जुन्या डोंगरी गाड्यांचे पार्ट मिळत. त्या गाड्या बनवणारी कंपनी बुडून जमाना झाला. पुस्तक नाही, यादी नाही, मापांचा कागद नाही. टाकीचा रंग बघून साल सांगणारे शहाणे खूप, पण टाक्या बदललेल्या असतात आणि माणसं थापा मारतात. म्हणून आक्काच्या सासऱ्यांपासून दुकानाचा एकच कायदा होता. जुना पार्ट आणल्याशिवाय नवा मिळायचा नाही. जुना आणि नवा शेजारी शेजारी ठेवायचे, बोटं फिरवायची, जुळला तरच द्यायचा. आणि जुना पार्ट तारेनं चिठ्ठी बांधून तीन महिने डब्यात ठेवायचा. उद्या कोणी भांडायला आलंच, तर तोंडावर मारायला हाताशी असावा.

"संध्याकाळी मैदानावर सगळे गाडीवाले जमणार आहेत," भाऊ म्हणाला. "तोपर्यंत तुमच्या सुनेनं लिहून द्यायचं की चूक माझी. आणि पुन्हा या काउंटरला हात लावायचा नाही. नाहीतर मी प्रत्येकाला सांगेन, की त्या दुकानात जीव घ्यायचे पार्ट मिळतात."

"मी शेजारी ठेवूनच दिला होता," सून म्हणाली. आवाज कापत होता, पण हनुवटी वर होती. "थांबा. डबा काढते. जुना समोरच ठेवते तुमच्या."

ती स्टुलावर चढली. माळ्यावरून पत्र्याचा डबा उतरवला. झाकण उघडलं, एकेक पार्ट बाहेर काढला. क्लचच्या प्लेटा, झिजलेली साखळी, बेअरिंगं.

शेवटी तळाशी चिठ्ठी सापडली. तिच्यावर चिखल्याचं नाव, इंजिनाचा नंबर, सगळं सुनेच्या अक्षरात. तार पकडीनं कापलेली.

पिस्टन नव्हता.

२

"आता मला कळलं," असं म्हणून भाऊ निघून गेला. त्याला काय कळलं ते विचारायची गरज नव्हती.

आक्कानं सुनेकडे तोंड वळवलं. "नीट पाहिलं होतंस ना?"

"हो, आई."

"म्हणजे अगदी शेजारी ठेवून?"

"हो."

"घाईत नव्हतीस ना?"

"तिसऱ्यांदा विचारताय," सून म्हणाली. "चौथ्यांदा विचारणार असाल तर आधीच सांगा, पाणी पिऊन येते."

आक्काला राग यायला हवा होता. आला नाही. आली ती स्वतःचीच शिसारी. दोन वर्षांत या पोरीनं एक पार्ट चुकवला नव्हता. बाहेरच्या माणसानं येऊन थुंकलं, आणि आपण लगेच तिचीच उलटतपासणी घ्यायला निघालो!

मागच्या मोरीत तिचा मुलगा बापू हात धूत होता. बराच वेळ धूत होता. साबणाचा फेस कोपरापर्यंत चढला होता. बापू हा आक्काचा एकुलता एक. अंगापिंडानं भरलेला, आणि संकट आलं की त्याला नेमकं कुठंतरी जायचं आठवायचं.

"डब्याला कोणी हात लावला?" आक्कानं विचारलं.

"मी काय डबा राखत बसतो?"

"दुकानात गेल्या दोन दिवसांत कोण कोण आलं?"

"गिऱ्हाइकं. मिस्त्री आला होता आज सकाळी, पॅकिंग न्यायला." त्यानं नळ बंद केला. "आई, कशाला वाढवतेस? दोन ओळी लिहून देऊ दे तिला. विषय संपला. काउंटरला मी बसेन."

"तू?" आक्का म्हणाली. "तुला तुझी स्वतःची चप्पल शेजारी ठेवून ओळखता येत नाही."

"घराची अब्रू सांभाळायची तर कोणीतरी पडती बाजू घ्यायला हवी."

"आणि ती नेमकी बायकोनं घ्यायची. वा रे कर्तबगार!"

तो हात पुसत राहिला. बायकोकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. नऊ महिने वागवला, दात आले तेव्हा रात्री जागवल्या, आणि वाढून वाढून हे एवढंच झालं.

ती काउंटरवर परत आली. नाक मुरडत तो करपलेला पिस्टन उचलला. डोळा अजून धड दिसू देत नव्हता, पण पार्ट ओळखायला तिनं डोळे कधी फारसे वापरलेच नव्हते. अंगठा माथ्यावरून फिरवला. काजळी खरखरीत, भाजलेल्या पापडासारखी. फिरवत फिरवत कडेशी आली आणि अंगठा घसरला.

तिथं, नखाएवढ्या जागेत, काजळी नव्हतीच. जागा गुळगुळीत होती.

"सूनबाई, इकडे ये. इथं काय दिसतं?"

सुनेनं पिस्टन उजेडाकडे तिरपा धरला.

"चकाकतंय, आई. बारीक बारीक रेघा आहेत. कानस मारलीय."

"या जागी काय असतं?"

"बाण," सून म्हणाली. "मी दिला तेव्हा इथं बाण होता."

३

मिस्त्रीचं गॅरेज दोन गल्ल्या पलीकडे होतं. आक्का एकटीच गेली. सुनेला म्हणाली, "तू आलीस तर तो वकिलासारखा बोलेल. मी एकटी गेले तर म्हातारी म्हणून बोलेल."

दारातच काळ्या तेलाचं थारोळं. त्यावर भुसा टाकलेला, भुशावर पावलं, पावलांवर पुन्हा तेल. कोपऱ्यात एका गाडीचा हवेचा डबा उघडा पडलेला, आत उंदराचं घरटं, आणि घरट्याचा मालक आतच मेलेला. आक्कानं पदर नाकाला लावला.

"या या, आक्का! डोळा कसा आहे?" मिस्त्रीचा एक गाल तंबाखूनं फुगलेला होता. त्यानं पायाशी ठेवलेल्या डब्यात पिचकारी मारली. अर्धी डब्यात, अर्धी डब्याच्या अंगावर. "बसा ना."

"कशावर?" आक्का म्हणाली. "उभीच बरी. मला समजावून सांग बाबा, सुनेनं काय घोळ घातला."

मिस्त्रीला समजावून सांगायला फार आवडायचं.

"त्याचं काय आहे, आक्का, इंजिन दोन प्रकारचं. आधीच्या सालाचं आणि नंतरच्या सालाचं. पिस्टनवरच्या रिंगेला एक फट असते, तुम्हाला माहीतच आहे. रिंग फिरू नये म्हणून त्या फटीत बारीक पिन बसवलेली. आधीच्या इंजिनात धूर जायची खिडकी एकच, पण रुंद. फट त्या खिडकीसमोर आली, की रिंगेची टोकं खिडकीत अडकलीच. म्हणून आधीच्या पिस्टनवर बाण असतो. बाण सायलेन्सरकडे करून बसवला, की फट आपोआप मागं राहते."

"आणि नंतरच्याला?"

"नंतरच्याला खिडकीच्या मधे भिंत घातली, त्यामुळे फट पुढं आली तरी चालते. त्याला बाण नाही. चिखल्याचं इंजिन आधीचं. सूनबाईंनी दिला बिनबाणाचा. मी बसवला. मला काय माहीत? मी तुमच्या दुकानावर डोळे मिटून विश्वास ठेवतो." त्यानं छातीवर हात ठेवला. हाताचा ठसा उमटला.

"आणि उंचीला? दोन्ही सारखेच?"

मिस्त्रीचा गाल एक क्षण चघळायचा थांबला. "नंतरचा नखभर बुटका. पण आता तो तुटलाय, आणि मापायला जुनाही नाही म्हणे. तेव्हा कसं कळणार?"

बाकावर पाने, पकडी, मळके बोळे पडले होते. मधोमध एक ॲशट्रे. पिस्टन उलटा करून केलेली, गॅरेजमध्ये करतात तशी. विझलेल्या सिगरेटींची थोटकं काठोकाठ, वर राखेचा चिखल, त्यात कोणाची तरी थुंकी. एका थोटकाला लिपस्टिक होती.

"जाते बाबा," ती म्हणाली. "इथं आणखी थांबले तर तुझ्या भुशावर भर घालीन."

तो हसला. पुन्हा पिचकारी मारली.

आक्का रस्त्यावर आली, दोन मोठे श्वास घेतले. नाल्याच्या कडेला पानाच्या टपरीपुढं माणसं उभी होती, ओढून झालं की थोटकं पायाखाली चिरडत होती. ती बघत बघत रस्ता ओलांडू लागली.

आणि मधोमध थांबली. एका सायकलवाल्यानं घंटी वाजवली, मग शिवी दिली.

वीस वर्षं ती मिस्त्रीला ओळखत होती. वीस वर्षं त्याचा गाल फुगलेलाच होता. पेट्रोलच्या धंद्यात काडी ओढणारा मूर्ख, असं म्हणत तो गिऱ्हाइकांनाही बाहेर हाकलायचा.

मग ती थोटकं कोणाची?

४

तासाभरानं गॅरेजमध्ये पाच जण होते. आक्का, सून, बापू, चिखल्याचा भाऊ आणि मिस्त्री. भावाला आक्कानं निरोप धाडला होता: लिहून देतो, पण मिस्त्रीसमोर. बापूला तिनं दंडाला धरून आणलं होतं.

"कागद आणलाय?" भावानं विचारलं.

"आणलाय ना," असं म्हणून आक्कानं वर्तमानपत्राचा कागद बाकावर पसरला. पदर खोचला. मग त्या ॲशट्रेमध्ये दोन बोटं घातली.

"आक्का, अहो, हे काय..." मिस्त्री पुढं झाला.

"जागचा हललास तर ही राख तुझ्या डोळ्यांत घालीन. एका डोळ्यानं कसं दिसतं ते मला विचार."

तिनं ते भांडं कागदावर पालथं केलं. थोटकं, राख, तो लगदा. वास असा आला की भावानं तोंड फिरवलं. आक्कानं फिरवलं नाही. तिनं पिस्टनच्या आरपार भोकातून, जिथून त्याचा आडवा दांडा जातो तिथून, चिमटीनं काहीतरी ओढलं. कापलेल्या तारेचा वेढा होता तो.

सुनेनं ओटीतून चिठ्ठी काढली. तिच्या टोकाला उरलेली तार लावून बघितली. एकच तार.

"चिखल्याचा जुना पिस्टन," आक्का म्हणाली. "मिस्त्री तंबाखू खातो, विडीला शिवत नाही. मग थोटकं आली कुठून? रस्त्यावरून वेचली. लोकांच्या तोंडातली, लोकांच्या बुटाखालची. का, तर असली घाण कोणी हातात घेणार नाही. आणि भंगारात फेकायचीही चोरी, कारण भंगारवाला गावातला प्रत्येक पिस्टन माझ्याच दुकानात आणून विकतो."

"जुना माझ्याकडेच राहिला असेल चुकून," मिस्त्री म्हणाला.

"चुकून, आणि आमची तार लेवून? आता तू गप्प बस. सूनबाई, पुढं तू सांग. काम तुझं आहे."

सुनेनं जुना पिस्टन फडक्यानं पुसला. त्याच्या माथ्यावर बाण स्पष्ट उमटला. तो तिनं तुटक्याशेजारी ठेवला आणि दोघांवर पट्टी आडवी टाकली. पट्टी सरळ बसली.

"उंची सारखी," ती भावाला म्हणाली. "बघा, वाकून बघा. नंतरच्या सालाचा असता तर पट्टी तिरकी झाली असती. म्हणजे मी दिला तो आधीच्याच सालाचा."

"मग बाण कुठाय याच्यावर?"

"इथं होता. कानसून काढलाय. आणि कधी काढलाय तेही कळतं. सगळ्या माथ्यावर काजळी आहे, पण कानसलेली जागा लख्ख. आधीच बाण नसता तर तिथंही काजळी बसली असती. गाडी दोन दिवस पळाली, काजळी धरली, तुमचा भाऊ पडला, आणि त्याच्यानंतर कानस लागली. त्यानंतर पिस्टन पहिला कोणाच्या हातात गेला?"

भावाची नजर मिस्त्रीकडे वळली.

"अजून एक," सून म्हणाली. तिचा आवाज आता कापत नव्हता. "सायलेन्सरकडचं अंग नेहमी जळकं होतं, तपकिरी. जुन्या पिस्टनचं बघा, जळकं अंग इकडे आणि पिन पलीकडे, बरोबर पाठीमागं. वर्षानुवर्षं नीट चालला. आता नव्याचं बघा. पिन आहे तेच अंग जळलंय. पिस्टन तोच, उंची तीच. फक्त उलटा बसवला. बाण सायलेन्सरकडे करायचा, तो मागं केला. रिंगेची टोकं खिडकीत अडकली."

मिस्त्रीचा गाल हळूहळू चघळत होता.

"घाई होती," तो अखेर म्हणाला. "शर्यत तोंडावर, तीन गाड्या उघडलेल्या. माणूसच आहे मी."

"चुकणाऱ्याला मी माणूस म्हणते," आक्का म्हणाली. "पोरगं दवाखान्यात ओरडत पडलंय, आणि हा इथं बसून कानस चालवतोय. दुसऱ्याच्या सुनेच्या नावावर ढकलायला. त्याला काय म्हणतात ते माझ्या तोंडून नको. तोंड विटाळेल."

भावानं मिस्त्रीची कॉलर धरली होती. सुनेनंच ती सोडवली. "नंतर," ती म्हणाली. "एक गोष्ट राहिलीय. डबा माळ्यावर असतो. मिस्त्री काउंटरच्या आत कधी आलेला नाही."

मग तिनं पहिल्यांदा नवऱ्याकडे पाहिलं.

बापूच्या कपाळावर घाम डवरला.

"तो म्हणाला तुझी चूक झालीय," बापू पुटपुटला. "म्हणाला, जुना पिस्टन राहिला तर पुरावा राहील, सूनबाई अडकेल. मी... मी तुला वाचवायलाच दिला."

"तुम्ही दोन्ही शेजारी ठेवून बघितले?"

"तुटका तर त्याच्याकडे होता."

"दोन गल्ल्यांवर होता," सून म्हणाली. "किंवा मला विचारायचं. मी आत भाकरी थापत होते. सहा पावलांवर."

आक्काला वाटलं होतं, आज दिवसभराची किळस ॲशट्रेपाशी संपली. अजून उरलेली होती.

५

भावानं काउंटरबद्दल एक अक्षर काढलं नाही. संध्याकाळी मैदानावर काय सांगायचं ते त्याला आता नीट माहीत होतं, आणि मिस्त्रीलाही माहीत होतं, कारण तो तेव्हापासूनच शटर ओढायला लागला होता.

दुकानात परतल्यावर बापू म्हणाला, "झालं ना सगळं नीट? तुझ्यावरचा आळ गेला."

सुनेनं दोन्ही पिस्टन स्वच्छ कागदात गुंडाळले.

"कुठं निघालीस?"

"दवाखान्यात. पाय त्याचा मोडलाय. कशानं मोडला हे त्याला आधी कळायला हवं, मैदानाला नंतर."

"मी येतो बरोबर."

"कशाला? तुम्ही काही पाहिलंय का?" तिनं चप्पल घातली. दारात थांबून आक्काकडे वळली. "आई, तुम्ही तीन वेळा विचारलंत. मोजत होते मी."

"मोजायलाच हवं होतं," आक्का म्हणाली. तिला पुढं आणखी काहीतरी म्हणायचं होतं. वयाची साठ वर्षं असलं काही कोणाला म्हटलं नव्हतं, त्यामुळे शब्दच आले नाहीत. सून दुकानाची पायरी उतरून गेली.

आक्कानं गरम पाणी घेतलं, सोडा घेतला, आणि हात घासायला बसली. बोटांचा वास जाईना. तिनं पुन्हा घासले.

बापू काउंटरवर जाऊन बसला होता. गल्ला नीट केला, पाने ओळीनं लावले, उगाच. थोड्या वेळानं चिखलानं माखलेला एक गाडीवाला आत आला. हातात झिजलेलं गिअरचं चाक.

"हे कुठल्या सालाचं, ओळखून पाहिजे."

"आण, बघू," बापू म्हणाला.

गाडीवाल्यानं चाक पुढं केलं नाही. मान उंचावून आत पाहिलं. "वहिनी नाहीत का?"

"बाहेर गेलीय. मी बघतो ना."

"नको. राहू दे. उद्या येतो."

आक्का ओल्या हातांनी बाहेर आली. मुलाच्या चेहऱ्याकडे तिनं पाहिलं. तो लाल झाला होता आणि आईनं काहीतरी बोलावं म्हणून वाट बघत होता. लहानपणापासून ती बोलतच आली होती.

"जाऊ नकोस," ती गाडीवाल्याला म्हणाली. "ऊठ रे बापू, त्याला स्टूल दे. ती येईपर्यंत बसू दे त्याला. या दुकानात दुसरं कोणी ओळखणारं नाही."